सिलिंडर काय माडाला लागतात?

मी मेकॅनिकल इंजिनियर. ज्वलनाच्या पेपरात मला पहिला वर्ग होता. जुलैत राजापूरकडे आत्याच्या घरी चार दिवस गेलो असताना हे तिच्यासमोर बोलून बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला न्हाणीघरात तांब्याच्या बंबापुढे नेऊन बसवलं.

"पेटव."

"आत्या, गॅस आहे ना?"

होता. 14.2 किलोचा लालबुंद सिलिंडर ओट्याखाली बसला होता. लोकांची चूल सुटावी म्हणून 2016 साली उज्ज्वला योजना आली. आत्याकडे गॅस त्याच्या कितीतरी आधीचा. पण त्याच्यावर चहा होतो, फार तर पाहुण्यांचे पोहे.

"आंघोळीचं पाणी गॅसवर? सिलिंडर काय माडाला लागतात?"

माडाला जे लागतं ते पडवीत रचलेलं होतं. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या. पलीकडे मृगाच्या आधी फोडून ठेवलेली ऐनाची लाकडं. त्या अख्ख्या पडवीत एकच कौल फुटलेलं, आणि मी लाकडं उचलली ती नेमकी त्याच्याखालची.

काड्यापेटी सर्दावलेली. आठव्या काडीला रविवारची पुरवणी पेटली, जळून गेली. सोडणानं तिची दखल घेतली नाही. मग धूर. ओल्या लाकडाची धग आधी त्याच्यातलंच पाणी उकळण्यात जाते, मग उरली तर आपल्या वाट्याला. हे परीक्षेत आठ मार्कांना आलं होतं, तेव्हा डोळ्यांना धारा लागल्या नव्हत्या.

फुंकणीतून फुंकायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. मधे श्वास घेताना ती तोंडातून काढायची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझा खोकला ऐकून आत्या आली. "बंबात पाणी घातलंस ना? कोरा पेटवलास तर सांध्यांचे डाग सुटतील हो!"

घातलं नव्हतं. नशीब, पेटलाच नव्हता.

तिनं माझी सगळी इंजिनियरिंग चिमट्यानं बाहेर काढली. बंब भरला. तळाला सोडणाचा पिंजलेला काथ्या, वर दोन करवंट्या, त्यावर बोटभर जाडीच्या काटक्या. एक काडी. बंब घूं करू लागला. "कोंबायचं नसतं रे. त्यालाही श्वास लागतो."

अर्ध्या तासानं मी आंघोळ केली. एक तांब्या कढत काढला की एक तांब्या गार ओतायचा, या हिशेबात साबण लावायचा राहिला, तरी मजा आली. बाहेर येतो तर आत्यानं बंबातले निखारे चुलीच्या वैलात नेऊन त्यात आठळ्या पुरलेल्या. पावसात भाजक्या आठळ्या म्हणजे काय, ते ज्यानं खाल्ल्या त्यालाच कळेल. मी राखेत हात घालघालून वीसेक तरी खाल्ल्या.

आत्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. कोपरापर्यंत पाहिलं.

"परत आंघोळ कर."

"पाणी?"

"निखारे तू उकरलेस," आत्या म्हणाली, "आता पेटव."