एक वेलांटी, अर्धा किलो कुंदा

गेल्या रविवारी माझं तिसरं बक्षीस एका मार्कानं गेलं. मार्क गेला तो एका वेलांटीपायी. आणि ती वेलांटी कमी पडली नव्हती, जास्त झाली होती. कमी पडली असती तर मी चकार शब्द काढला नसता. शाळेपासून माझ्या वेलांट्या कमीच पडत आल्यात आणि त्याबद्दल खायचे ते रट्टे खाऊन झालेत. पण भरल्या हॉलात माईकवरून नाव घेऊन ‘ही वेलांटी तुम्ही का दिलीत?’ असं विचारायचं म्हणजे फार झालं.

स्पर्धा गूढ शब्दकोड्यांची होती. बेळगावात, टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटाजवळच्या एका हॉलात. ३० क्लू, ४५ मिनिटं, १०० रुपये फी, त्यात चहा आणि एक बटाटेवडा. बाहेर आपला नेहमीचा पाऊस.

गूढ म्हणजे काय, हे मात्र सांगायला हवं. घरी बायकोला सांगण्यात माझी तीन वर्षं गेलीत. साधं कोडं सरळ विचारतं: मीठ, तीन अक्षरं. तुम्ही ‘लवण’ लिहिता आणि पान उलटता. गूढ कोडं म्हणतं, ‘काल वणव्यात सापडलं मीठ (३)’. तुम्ही आधी वणवा कुठं लागला याचा विचार करता, मग मीठ जळतं का याचा. आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना दिसतं, की ‘काल वणव्यात’च्या मधोमध ल, व, ण ओळीनं बसलेत. कालपासून तिथंच बसलेत. बायकोचं म्हणणं, मिठाला मीठ म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? मग तिला मी माझा आवडता क्लू घातला: ‘विकता, जागा बदलून पाहिल्या तरी न खपणारी (३)’. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘कविता. त्यात काय?’ माझ्या संग्रहाच्या २०० प्रती पलंगाखाली आहेत. तिला अक्षरं हलवावीच लागली नाहीत.

हा खेळ मुळात इतका कपटी नव्हता. आर्थर विन नावाच्या मूळच्या लिव्हरपूलच्या माणसानं २१ डिसेंबर १९१३ ला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं छापलं, ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. पुढं ते विलायतेत गेलं आणि त्यात कावा शिरला. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून कोडी घालणाऱ्या गृहस्थानं टोपणनावच ‘टॉर्कमाडा’ घेतलं. खरा टॉर्कमाडा स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख, लोकांचे हाल करण्यासाठी प्रसिद्ध. निदान हेतू लपवला नाही. १९४२ साली ‘डेली टेलिग्राफ’नं १२ मिनिटांत कोडं सोडवायची पैज लावली आणि जमलेल्यांपैकी काहींना पुढं सरकारनं जर्मनांचे गुप्त संदेश फोडायच्या कामाला बोलावून घेतलं. १२ मिनिटांत माझा चष्मा पुसून होतो.

मराठीत तर आणखी गोची. इंग्रजीत एक अक्षर, एक घर. आमच्याकडं एकेका घरात एकत्र कुटुंब नांदतं. ‘कार्त्स्न्य’ हा शब्द घ्या. दोन घरांचा. पहिल्या घरात ‘का’ एकटाच ऐसपैस, आणि दुसऱ्यात र, त, स, न, य असे पाच जण दाटीवाटीनं. वर काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सामान वेगळंच. आडवा आणि उभा शब्द जिथं छेदतात तिथं हे सामान धरायचं की नाही, यावर आमच्या जातीच्या लोकांत भांडणं होतात. मी धरणाऱ्यांतला. तेच नडलं.

पण त्याआधी शेजारच्या खुर्चीबद्दल.

ती रिकामी होती. पाच मिनिटांनी त्या खुर्चीवर पांढरी टोपी, गळकी छत्री आणि शेंगांची पुडी असलेले ऐंशीच्या पुढचे एक काका येऊन बसले. नात पलीकडच्या खोलीत शाळकरी गटात होती, तिला सोडायला आलेले. कागद उरलेत म्हणून स्वयंसेवकानं एक त्यांच्याही पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि त्यावर शेंगांची टरफलं ठेवायला सुरुवात केली.

‘कोडी भरूलाय काय ओ?’

‘हो.’

‘बक्षीस किती?’

‘पहिलं २००० आहे.’

‘दोनच?’ काकांना माझ्याबद्दल वाईट वाटलं. ‘आमच्या बाबांच्या टायमाला मोट्टी मोट्टी असायची. शेंगा घ्या की.’

मी ७ आडव्यात होतो. ‘गांधीजींचं पत्र, कुठूनही वाचा (५)’. हे सोपं: नवजीवन. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, तेच. काकांनी माझ्या कागदात डोकावून ते एकेका अक्षरानं मोठ्यानं वाचलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते ऐकून लिहिलंही.

‘गांधी आलते की बेळगावात. चोवीस साली. बाबा बघायला गेलते.’

१९२४ चं काँग्रेस अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकुलतं एक अधिवेशन, हे बेळगावातलं पोर पाळण्यात शिकतं. मी मान डोलावली. मान डोलावणं ही चूक झाली.

‘तर बाबा कोडी भरायचे. बेंगळूरला एक पेपर होता, त्याच्यात यायचं. कूपन कापायचं, पैशे लावायचे, टपालात घालायचं. आमच्या आईचं तांब्याचं घंगाळ त्या कोड्यात गेलं बघा.’

‘काका, जरा हळू...’

‘हळूच बोलूलोय की. घंगाळ गेलं, मग पाटल्या गेल्या. तुमचं हे बरं आहे. ह्याच्यात डोकं लागतंय. त्याच्यात काय असायचं, दोन दोन शब्द द्यायचे. दोन्ही बरोबर. पण त्यातला पेपरवाल्याच्या मनात कुठला, ते आपण वळखायचं. आता परक्या माणसाच्या मनातलं कसं वळखणार ओ? आईच्या मनातलं त्यांना जल्मात वळखलं न्हाई.’

माझी १४ मिनिटं गेली होती. मी २२ उभ्यावर नजर रोवली: ‘परतलेली हिंदी मावशी, इथूनच वाद (२)’.

‘मावशी?’ काका खुर्ची ओढून जवळ आले. ‘कुणाची?’

‘हिंदीत मावशीला मासी म्हणतात. ती उलटी केली की सीमा.’

काका बराच वेळ गप्प राहिले. इतका वेळ, की मी तीन क्लू सोडवले. मग म्हणाले, ‘मावशीला कशाला उलटी करायची?’

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

‘एकदा बाबांनी लय इचार करून भरलं,’ ते पुन्हा सुरू झाले. ‘छप्पन साल. यंदा लागणारच म्हणाले. इथनं टपालात घातलं तवा गाव मुंबई राज्यात. निकालाची वाट बघूलाय, बघूलाय, तंवर गावच म्हैसूरला गेलं.’ आणि शेंग फोडून शांतपणे म्हणाले, ‘कूपन बेंगळूरला पाठवलं, तर त्यांनी गावच ठेवून घेतलं बघा.’

मी पेन खाली ठेवलं. या वाक्यासाठी माणसाला पाच मिनिटं द्यायलाच हवीत. दिली. तिथंच बहुधा माझं तिसरं बक्षीस पहिल्यांदा हललं.

घरी येऊन शोधलं, तर म्हाताऱ्याची पेपराची गोष्ट खोटी नव्हती. बेंगळूरच्या एका साप्ताहिकातून चमारबागवाला नावाच्या गृहस्थांची बक्षिसाची कोडी निघायची आणि मुंबई राज्यात जोरात खपायची. मुंबई सरकारनं त्यावर कर लावला. हे म्हणाले, पेपर आमचा म्हैसुरातला, तुम्ही कोण कर लावणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ च्या एप्रिलात निकाल लागला, की हा जुगार आहे आणि मुंबईचा कर योग्य आहे. दरम्यान १९५५ च्या केंद्रीय कायद्यानं अशा स्पर्धांच्या बक्षिसाला महिन्याला १००० रुपयांचं कुंपण घातलं होतं. म्हणजे कोड्यावरून सीमेच्या अलीकडं-पलीकडं भांडायची रीत आपल्याकडं जुनी आहे आणि कोड्याचा तो वाद सुटलासुद्धा. आपला दुसरा, गाव कुणाचं याचा दावा २००४ पासून त्याच न्यायालयात पडून आहे. त्याचं नाव काढलं की माझा रक्तदाब वाढतो, म्हणून काढत नाही.

तर १७ आडवा. ‘कळकांवरून नाव पडलेलं गाव (४)’.

कळक म्हणजे बांबू, बांबू म्हणजे वेणू, वेणुग्राम म्हणजे बेळगाव. बेळगावच्या माणसाला हा क्लू घालणं म्हणजे माशाला पाण्याचा पत्ता विचारणं. पण दुसऱ्या घरात आधीच ‘गोंधळ’चा ळ उतरला होता, म्हणजे वेणुग्राम बाद. बे, ळ, गा... आणि चौथ्या घरातून खाली जाणारा क्लू होता, ‘घराला लागते, माणसाला येतो (२)’. वीट. त्यात शंकाच नाही. मी स्वच्छ अक्षरात वी काढला, ट काढला, आणि वर बघितलं तर आडवं तयार झालं होतं: बेळगावी.

माझा हात थांबला. खरंच थांबला. ज्या माणसानं १ नोव्हेंबरला, गाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या मूक सायकल फेरीत पंक्चर झालेली सायकल चार गल्ल्या ढकलत नेलीय, त्याच्या हातून हे व्हावं? वेलांटी खोडली तर खाली ‘वट’ होतो, आणि वट घराला लागत नाही. (माणसाला असतो. माझा नाही.) शेवटी मी कोड्याशी इमान राखलं. छेदातलं अक्षर सांगेल ते लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते नाही, हा या खेळाचा धर्म आहे.

काकांनी वाकून बघितलं. काही बोलले नाहीत. माझ्या पुढ्यातली शेंगांची पुडी तेवढी स्वतःकडं ओढून घेतली.

मग मला विचारलं, ‘कळकाचं म्हणजे वेणुग्रामच न्हवं काय?’ आणि टरफलं झटकून, सगळ्या कागदावर फक्त १७ आडव्यात, शाळेतल्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: वेणुग्राम.

निकालाच्या वेळी परीक्षकांनी माईक घेतला. परीक्षक दोन. एक कोडं तयार करणारे, दुसरे निवृत्त इतिहासाचे शिक्षक. माझं नाव घेऊन पहिले म्हणाले, ‘एकोणतीस बरोबर. सतरा आडवा... तुम्ही बेळगावी लिहिलंत?’

हॉल वळला. सगळा. चहावालासुद्धा.

‘खाली वीट आहे,’ मी म्हणालो.

‘वीट बरोबरच आहे. पण आडवा बेळगाव आहे.’

‘मग त्या घरात व येतो. व घातला तर वीट कशी होणार?’

‘छेदाच्या घरात वेलांटी धरत नाहीत.’

‘म्हणजे मी व लिहिला असता तर?’

‘वीट आम्ही वीटच धरली असती.’

‘अहो, मग उलट का नाही? मी वी लिहिलाय, तुम्ही वेलांटी धरू नका आणि बेळगाव वाचा!’

परीक्षकांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं, पटलं. मग ते अत्यंत दुःखी आवाजात म्हणाले, ‘ही वेलांटी आम्हाला न धरता येण्यासारखी नाही हो.’

टाळ्या पडल्या. माझ्या विरुद्ध टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ नव्हे, पण मराठी मंडळींच्या हॉलात, मराठी कोड्यात, ‘मराठीचा अपमान’ अशा अर्थाच्या पडल्या त्या पहिल्यांदाच.

आणि हे मला टोचतं. २०१४ साली कर्नाटक सरकारनं नाव बदलून बेळगावी केलं तेव्हापासून लाइट बिलापासून पासबुकापर्यंत जिथं बघावं तिथं ती वेलांटी आहे. मागच्या महिन्यात एका कचेरीत मी अर्जावर बेळगाव लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी तो न वाचताच परत सरकवला. तिकडं वेलांटी नाही म्हणून अर्ज परत, इकडं आहे म्हणून मार्क परत. मी राहतो त्या गावाचं नाव मला नेमकं कुठं बरोबर लिहिता येतं, ते तरी एकदा सांगा. आणि राग असा, की कन्नड मित्राला ही गोष्ट सांगितली तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, ‘आमच्याकडं शब्दकोड्याला पदबंध म्हणतात. ये, आमच्यात खेळ. तिथं तुझं उत्तर बरोबर येतंय.’ पदबंधात मला ‘मीठ’सुद्धा लिहिता येत नाही, ते सोडा.

पुढचं तर ऐका. १७ आडव्यासाठी खास बक्षीस होतं: अर्धा किलो कुंदा, आपली दुधाची मिठाई. इतिहासाच्या मास्तरांनी काकांचा कागद उंच धरला. वेणुग्राम वाचून त्यांना गहिवर आला. शिलालेख, ताम्रपट, रट्ट घराणं असं दहा मिनिटं बोलले. मी हात वर केला आणि म्हणालो, ‘दुसऱ्या घरात ळ आहे, णु बसत नाही.’

मास्तरांनी कागद निरखला. ‘यांच्या कागदावर कुठं आहे ळ?’

नव्हता. त्या कागदावर दुसरा एकही शब्दच नव्हता. छेदायला काही नसेल तर चूक होणार कुठं? कुंदा काकांना गेला. नात टाळ्या वाजवत होती, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पायऱ्यांवर काकांनी छत्री माझ्या डोक्यावर धरली. धरली म्हणजे तिच्यातलं पाणी माझ्या खांद्यावर सोडलं. पुडकं उघडून बोटभर कुंदा माझ्या तळहातावर ठेवला.

‘खावा की. वीट बरोबर होती तुमची.’

गोड होता. दोन दिवस त्याची चव जिभेवर होती आणि राग डोक्यात. त्यात प्रमाणपत्र घरपोच आलं. त्यावर जाड अक्षरात छापलंय: ‘सहभागि’. ऱ्हस्व. म्हणजे वेलांटी यांना धरता येत नाही असं नाही, कुठल्या बाजूनं धरायची तेवढंच कळत नाही.

रात्री बसून संयोजकांना चार पानी पत्र लिहिलं. नियम, छेद, वीट, वट, सगळं मुद्देसूद. पाकिटावर पत्ता घातला. गल्ली लिहिली, टिळकवाडी लिहिलं. पुढच्या ओळीवर पेन अर्धा तास तसंच. बायको म्हणाली, ‘झोपा आता.’ शेवटी गावाची जागा कोरी सोडून नुसतं ५९०००६ लिहिलं आणि सकाळी पेटीत टाकलं.

अजून उत्तर नाही.