युद्धाचा पिक्चर बघायला जाताय? सुभेदारमामांना नेऊ नका

युद्धाचा पिक्चर लागला की पहिल्याच दिवशी जायचं, पण सोबत कोण येतंय ते आधी बघायचं. बेळगावात हा खरा प्रॉब्लेम आहे बघा, इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, खानापूरकडं गावोगाव पेन्शनवाले फौजी, त्यातला एखादा शेजारच्या खुर्चीत आला की तिकिटाचे पैसे पाण्यात. आमच्या गल्लीतल्या सुभेदारमामांना नेऊन मी ही चूक केलीय, ते पुढं सांगतो.

आत गेलं की प्रश्न विचारायचे नाहीत. शत्रू ओळखायला काही त्रास नसतो, तो अंधाऱ्या खोलीत बसतो, मटण ओरबाडून खातो आणि अधूनमधून आपल्याच माणसाला गोळी घालतो. आपला हीरो आईला फोन करतो. फोन झाला की समजायचं, हा आता इंटरव्हलनंतर काही टिकत नाही, रुमाल काढून ठेवायचा. आणि हो, बाहेर दुकानाच्या पाटीवर कन्नड वर का मराठी वर यावरून वर्षभर भांडणारे दोघं आत शेजारी शेजारी बसून हिंदी डायलॉगवर एकदमच शिट्टी मारतात, हे ना बेंगळुरूला जमलं ना मुंबईला, तेवढं श्रेय पिक्चरला द्यायलाच पाहिजे.

कुणी शहाणा म्हणालाच की हा प्रचार आहे, तर म्हणायचं, मग काय झालं, जुनी परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या १ जुलैला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत एका दिवसात इंग्रजांचे १९,००० वर सैनिक गेले, आणि ऑगस्टात त्याच लढाईचा पिक्चर लंडनला लागला पण! सहा आठवड्यांत २ कोटींच्या आसपास लोकांनी बघितला म्हणतात. त्यात खरी प्रेतंही होती, पण खंदकातून सैनिक उठून धावतात तो गाजलेला सीन मात्र आघाडीच्या मागं ट्रेनिंगच्या जागी घेतलेला. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स, त्याचं तर विचारूच नका. जर्मनी सगळीकडून मार खात होती आणि ह्यानं हजारो सैनिक एक्स्ट्रा म्हणून उभे करून 'कोलबर्ग' काढला, शेवटपर्यंत हार न मानणाऱ्या शहराची गोष्ट. ३० जानेवारी १९४५ ला रिलीज. मार्चमध्ये खरं कोलबर्ग पडलं. (पिक्चरमध्ये नाही पडलं, काळजी नको.)

आपल्याकडं तर पब्लिकला तिकीट काढून येण्याचा सुद्धा त्रास दिला नाही. १९४३ पासून इंग्रज सरकारनं प्रत्येक शोला सरकारी फिल्म सक्तीची केली, वर त्याचं भाडं थिएटरवाल्यानंच भरायचं. बंगालात लाखो माणसं उपाशी मेली ती त्याच वर्षी. पुढं इंग्रज गेले, १९४८ ला आपल्याच सरकारचं फिल्म काढणारं खातं, फिल्म्स डिव्हिजन, आलं आणि सक्तीची रीळ परत सुरू, भाड्यासकट. चांगली पद्धत कोण सोडतंय?

एकच गोष्ट कुणाला सांगू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं भरती झालेल्या पोरांना असले पिक्चर दाखवले आणि नंतर त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली. पोरांना माहिती बरीच कळली होती, पण लढायची खुमखुमी काही वाढली नव्हती. म्हणजे ज्याला बंदूक घेऊन जायचं होतं तो होता तिथंच. पेटतो कोण, तर मी, ज्याला सकाळी उठून खडेबाजारात दुकानाचं शटर वर करायचंय. मी त्या रात्री चहाच्या गाड्यावर उभं राहून दोन कट चहात शत्रूची राजधानी घेतली होती, व्हॉट्सॲपवर कळवून पण टाकलं.

आता मामा. शेवटचा सीन, हीरोच्या पोटात गोळी, मागं झेंडा, व्हायोलिन, आणि त्याचं भाषण सुरू. हॉलमध्ये हुंदके. आणि मामा मोठ्यानं,

"अरे बोलायला काय लावलायसा त्याला, रक्त जातंय की! आडवा करा. स्ट्रेचर कुठाय?"

पुढच्या रांगेतला एक पोरगा मागं वळून म्हणाला, "अंकल, देशप्रेम नाही काय तुम्हाला?"

मामा गप्प बसले. बाहेर आल्यावर भजी पण नको म्हणाले, गुडघा चोळत स्कूटरवर मागं बसले. मला तर त्या पोरासमोर इतकी लाज वाटली, म्हटलं सॉरी भावा, पुढच्या वेळी नाही आणत.