फॉल्ट कुणाचा?

आज सकाळी परळच्या एका शाळेच्या पायऱ्यांवर माझी भाची रडत बसली होती, कारण बोलताना अडखळणाऱ्या तिच्या सहा वर्षांच्या मुलाविषयी बाईंनी 'याच्या स्पीचमध्येच फॉल्ट आहे' असे चार पालकांदेखत सांगितले होते. तिने मला एवढेच विचारले, "मामा, माझाच फॉल्ट असेल का?"

माझे वडील लोअर परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपाआधीची गोष्ट. सूत कच्चे आले की उभे धागे पुन्हापुन्हा तुटत, कापडावर रेघ उमटे आणि तपासणारा त्यावर 'फॉल्ट' असा शेरा मारी. शेरा कापडावर असे, पैसे मात्र बाबांच्या पगारातून कापले जात, आणि त्या संध्याकाळी आमच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे.

या शब्दाचे इंग्रजीत असेच झाले. लॅटिनमधील फसवणे, चुकणे अशा अर्थाच्या 'फालेरे' या क्रियापदापासून तो निघाला आणि फ्रेंचमार्गे १३०० च्या आसपास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ उणीव, कमतरता इतकाच होता. अपराधाचा अर्थ त्याच शतकात पुढे त्याला चिकटला. त्यातला 'ल'सुद्धा लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी मागाहून घातलेला आहे. खाणीतले लोक मात्र कोळशाचा थर मध्येच तुटून सरकलेला दिसला की त्याला फॉल्ट म्हणत, ज्याला आपण भ्रंश म्हणतो, आणि त्यासाठी खडकाला कुणी जाब विचारीत नसे. बाबांना विचारला जाई.

आपल्या 'दोष' या शब्दातही दोन्ही अर्थ आहेत, हे मान्य. वायरमनने केबलमधला फॉल्ट शोधावा, त्यालाही माझी हरकत नाही. पण खोट, उणीव, व्यंग, कसर, चूक असे वेगवेगळ्या वजनाचे शब्द घरात असताना एका लेकराच्या अडखळण्यावर, जिथे कुणाचीही चूक नाही, हा शेरा मारायचा? संताप येतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या बाईंच्या मनात वाईट नसेलही. बाबा घरी कधीच 'फॉल्ट' म्हणत नसत. आईने पगाराचे पाकीट हातात घेतले की खाली मान घालून 'सूत तुटले' एवढेच सांगत. भाचीलाही मी आज तेच सांगितले. उद्या बाईंना भेटायला जायचे आहे, मी तिच्यासोबत जाणार आहे.