तरंगतं म्हणजे थरथरत नाही, असं कोण म्हणालं?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आधी बोरिवलीहून आला, मग चेंबूरहून. मजकूर थोडक्यात असा: चुंबकांवर तरंगणाऱ्या फ्लायव्हीलला, म्हणजे वेगाने फिरून ऊर्जा साठवणाऱ्या जड चाकाला, घर्षण नाही, थरथर नाही. तळघरात बसवा, वीज कायमची साठवा. १२ ऑक्टोबर २०२० सारखी बत्ती गुल झाली तरी इमारत चालू राहील, आणि लोकलच्या ब्रेकची वाया जाणारी वीजही त्यात भरता येईल.

फ्लायव्हील हे थोतांड नाही. न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउनला २०११ साली अशा २०० चाकांचं २० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. म्हणूनच मेसेजमधली भेसळ जास्त खटकते.

पहिलं, नुसत्या कायमस्वरूपी चुंबकांवर रोटर, म्हणजे फिरतं चाक, स्थिर तरंगत नाही. अर्नशॉने १८४२ मध्येच ते गणिताने दाखवलं. एका दिशेने सावरलं की दुसरीकडून निसटतं. म्हणून सेन्सर रोटरची जागा सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि कंट्रोलर विद्युतचुंबकांचा करंट त्यानुसार बदलत राहतो. त्याला वीज लागते, चाकाभोवतीची हवा काढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाला लागते, शिवाय फिरत्या लोखंडात चुंबकांमुळे उठणाऱ्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांचा (एडी करंट) तोटा होतोच. चाक रिकामं फिरत ठेवलं तरी साठा झिजत जातो. ‘कायमची’ हा शब्द तिथेच गळतो.

आता थरथर. ‘थरथर नाही’ लिहिणाऱ्याने रोटरचा तोल तपासणारं बॅलन्सिंग मशीन जवळून पाहिलं नसावं. जी २.५ ग्रेडला, म्हणजे चांगल्यापैकी बॅलन्स केलेल्या रोटरचं वस्तुमानकेंद्र मिनिटाला ३०,००० फेऱ्यांना अक्षापासून ०.८ मायक्रॉनपर्यंत सरकलेलं चालतं. रोटर १०० किलोचा धरा. तेवढ्याशा फरकाने सुमारे ७९० न्यूटन, म्हणजे ८० किलो वजनाइतकं बल तयार होतं आणि सेकंदाला ५०० वेळा गरगर फिरतं. कंट्रोलर प्रामाणिकपणे त्याला विरोध करत बसला, तर ते सगळं बल केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, तळघराच्या काँक्रीटमध्ये उतरतं. म्हणून त्याला नॉच फिल्टर देतात: फेऱ्यांच्या वारंवारतेकडे दुर्लक्ष कर, रोटरला स्वतःच्या वस्तुमान-अक्षाभोवती फिरू दे. रोटर किंचित हलतो, बल मात्र बाहेर जात नाही. अगदी शून्य तेही होत नाही, कारण बेअरिंगमधल्या चुंबकाची ओढ रोटर सरकला की बदलतेच.

आणि हा फिल्टर कमी वेगाला लावला तर तोच रोटरला अस्थिर करू शकतो. क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला रोटरची थरथर सर्वात वाढते तो, ओलांडल्यावरच तो चालू करायचा. अशाच बेअरिंगवरचा पंप एका ठरावीक वेगाने फिरतो, फ्लायव्हीलचं तसं नाही. वेग निम्म्यावर आणला की तीन चतुर्थांश ऊर्जा मिळते, म्हणजे रोजच्या कामातच वेग सतत वरखाली. वाटेत केसिंगची एखादी नैसर्गिक वारंवारता आली की ती खडखडणारच, आणि फिल्टरला प्रत्येक क्षणी वेगाच्या मागे धावावं लागतं.

त्यात भोवऱ्याचा स्वभाव. चाक जितकं चपटं आणि वेगवान, तितकी त्याची एक डोलण्याची गती फेऱ्यांच्याही पुढे जाते आणि दुसरी मंदावत शून्याकडे सरकते. पहिलीला बिघडायला कंट्रोलरचा क्षणभराचा उशीरही पुरतो. डोलणं थांबायच्या ऐवजी वाढतं. म्हणून एका अक्षाची हालचाल पाहून दुसऱ्या अक्षाला दुरुस्ती पाठवणारं नियंत्रण लागतं. एवढं करूनही खाली टचडाउन बेअरिंग ठेवतातच, चुंबक हरला तर रोटर पडायला. कुर्ल्यात रुळांशेजारच्या इमारतीत तर गाडीच्या धडधडीने केसिंगच हलणार, त्याचाही हिशेब वेगळा.

बत्ती गुलचं सांगायचं तर स्टीफनटाउनचं एकेक चाक १०० किलोवॉट देतं, पण १५ मिनिटं. म्हणजे २५ युनिट. ते ग्रीडची फ्रिक्वेन्सी सावरायला आहे. २०२० चा प्रश्न तासांचा होता.

राहिली लोकल. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वे २०१६ मध्ये पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर आली. थ्री-फेज गाड्या ब्रेक लावताना वीज ओव्हरहेड तारेत परत सोडतात, ती दुसरी गाडी वापरते. फ्लायव्हील शोभतं ते डीसी मेट्रोला, जिथे एसीची डीसी करणारं रेक्टिफायर सबस्टेशन वीज परत घेऊ शकत नाही. लॉस एंजेलिस मेट्रोने ते बसवलं ते त्यामुळेच. आपल्याकडे दीड हजार व्होल्ट डीसी असताना हा मेसेज आला असता, तर निदान शेवटच्या ओळीवर तरी वाद रंगला असता.