द वॉल पहिला? मला नाही पटलं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या सर्वोत्तम अल्बमची एक यादी वाचली, त्यात 'द वॉल'ला पहिला नंबर दिलाय, ठीके, पण आपला पहिला नंबर 'विश यू वर हिअर'च. १९७५ चा, ट्रॅक मोजून पाच, त्यातही 'शाइन ऑन' या गाण्याचे दोन तुकडे करून एक सुरुवातीला नि एक शेवटी लावलाय आणि पहिल्या तुकड्यात गाणं सुरू व्हायलाच आठ मिनिटं जातात, तोवर गिलमोरची गिटार आणि ते चार सूर, बास. मी पहिल्यांदा ऐकलं ते दादाच्या मित्राने भरून दिलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. उरलेल्या जागेत त्या पठ्ठ्याने भावगीतं भरलेली, त्यामुळे आजही 'शाइन ऑन' संपलं की कान पेटीच्या सुरांची वाट बघतात, काय सांगू!

सिड बॅरेटचं मात्र नंतर कळलं. ज्याच्यावर हे 'शाइन ऑन' आहे, तो ऐन रेकॉर्डिंगच्या दिवसांत अॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला, सुटलेला, भुवयासकट सगळं भादरलेलं, नि ज्यांच्यासोबत बँड काढला त्यांनाच आधी ओळखू येईना. हे वाचल्यावर दोन-तीन दिवस लावलाच नाही अल्बम.

'हॅव अ सिगार' रॉय हार्परने गायलंय, बँडमधल्या कुणी नाही, हे मी कित्येक वर्षं बँडमधल्याच वॉटर्सचा आवाज समजून ऐकत होतो 😅

वॉल चांगलाच आहे हो, पण दोन रेकॉर्डींचा आहे, मला सलग ऐकवत नाही. आणि त्यांचा 'अॅनिमल्स' अल्बम यादीत कुठंच कसा नाही??