अवघ्या दहा मिनिटांवर

पुण्यात घर घ्यायचं ठरवलंत? छान. मग पहिलं काम करा, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. पुण्याच्या घरबाजारात अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, मिनिटांत सांगतात, आणि ही मिनिटं तुमच्या घड्याळातली नसतात. वाघोलीतला प्रकल्प खराडीच्या आयटी पार्कपासून अवघ्या दहा मिनिटांवर असतो, विमानतळापासून दहा मिनिटांवर असतो, आणि शाळा, हॉस्पिटल, मॉल तर पाचच मिनिटांवर. हे कुणी मोजलं, असं सेल्सच्या मुलीला विचारू नका. मोजलं असणारच. २०२० च्या एप्रिलमध्ये नगर रस्ता रिकामा होता, तेव्हा कुणीतरी गाडी मारली असेल.

दुसरं म्हणजे गावाच्या नावाला फसू नका. खरं तर ते नाव तुमच्या कानावर पडणारच नाही, शेजारच्या भागाचं पडेल. सूस आता बाणेर अ‍ॅनेक्स आहे, उंड्री एनआयबीएम अ‍ॅनेक्स, वाघोली खराडी अ‍ॅनेक्स. ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या स्वतःच्या नावावर जत्रा भरवल्या, त्यांना माहेरचं नाव लावायची आता सोय नाही. तुम्हीही पाहुण्यांना पत्ता सांगताना अ‍ॅनेक्सच सांगा. रिक्षावाल्याला मात्र वाघोलीचा केसनंद फाटा सांगा, नाहीतर तो भलतीकडेच नेऊन सोडेल.

आणि वाघोलीला गाव तरी कशाला म्हणायचं? २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली, त्यात वाघोलीही होती. क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईला मागे टाकून गेली, याचा अभिमान बाळगा. अभिमानाला पाणी लागत नाही. पाइपलाइन हळूहळू येतेच आहे. कराची बिलं जरा चपळ असतात म्हणून आधी पोचली, एवढंच. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं तर आधी पालिकेत घेतली आणि नंतर परत बाहेर काढली. तिथल्या लोकांनी घर न हलवता दोनदा शहर बदललं. ही सोय कुठल्याही ब्रोशरमध्ये छापलेली नाही, फुकट मिळते.

आता साइट व्हिजिट. रविवारी जा, सहकुटुंब जा, पण वडिलांना घरी ठेवा. मी ही चूक केली. आमचे बाबा निवृत्त ओव्हरसिअर. जाताना त्यांनी खिशात टेप घेतला होता. आधी थंडगार कॉफी आली, मग काचेखालचं मॉडेल दाखवलं. त्यात हिरवीगार झाडं, निळं पाणी, आणि सगळ्या प्रकल्पात मिळून चार गाड्या. मग सॅम्पल फ्लॅट. हिनं स्वयंपाकघर पाहिलं, मी बाल्कनी पाहिली, आणि बाबा मास्टर बेडरूममध्ये गुडघ्यावर बसून पलंग मोजू लागले.

"साडेपाच फूट," ते तिथूनच ओरडले. "यावर झोपायचं कुणी?"

"काका, तो डिस्प्लेचा आहे," मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"आणि दारं?"

सॅम्पल फ्लॅटला एकही दार नव्हतं. बेडरूमला नाही, बाथरूमलाही नाही. दार असलं की ते उघडावं लागतं, आणि उघडलं की पलंगाला आपटतं, हे बाबांच्या लगेच लक्षात आलं. कपाट त्यांनी हातानं ठोकून पाहिलं. पाठीमागे भिंतच होती, आत जागा जेमतेम सहा इंच. त्यात शर्ट टांगायचा तर इस्त्री करून, भिंतीला चिकटवून. मुलीनं आम्हाला हळूच बाल्कनीकडे वळवलं. बाल्कनीतून नदी दिसते म्हणाली. दिसली. जलपर्णी इतकी दाट होती की हिला आधी ते क्रिकेटचं मैदान वाटलं.

म्हणून सांगतो, टेप नेऊ नका. बिल्डरांना लगाम घालणारा रेरा कायदा आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, चटईक्षेत्र, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, स्पष्ट लिहून द्यावं लागतं, तेव्हा कागदावर सगळं चोख असतं. फसवणूक म्हणून बोट दाखवावं असं काही नसतं, असतो तो फक्त साडेपाच फुटांचा पलंग.

पैशांचं म्हणाल तर काळजीच नको. सरकारनं परवडणाऱ्या घराची व्याख्याच करून ठेवली आहे. २०१९ पासून पंचेचाळीस लाखांपर्यंतचं आणि पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राचं घर परवडणारं समजतात, आणि त्यावर जीएसटी फक्त एक टक्का. ९० चौरस मीटर म्हणजे साधारण ९७० चौरस फूट. पंचेचाळीस लाखांत ९७० फूट तुम्हाला शहरात कुठं दिसलं, तर मला फोन करू नका, पुरातत्त्व खात्याला करा. जमिनीचा भाव वाढला, सिमेंट वाढलं, मजुरी वाढली, व्याख्या मात्र दिलेल्या शब्दाला जागून तिथंच उभी आहे.

आपण ऐंशी लाखांचा साधा टू बीएचके धरू. बँक ऐंशी टक्के देते, चौसष्ट लाख. उरलेले सोळा तुमचे. शिवाय घराच्या किमतीवर मुद्रांक शुल्क सात टक्के, पाच लाख साठ हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी पाच टक्के, चार लाख. नोंदणीचे तीस हजार. म्हणजे घरात पाऊल ठेवायच्या आधी पंचवीस लाख नव्वद हजार रोख तयार ठेवा. मुद्रांक शुल्काला बँक हात लावत नाही. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे सरळ ऐंशी हजार वाचतात. स्त्रीसन्मानाचा इतका रोकडा भाव दुसरीकडे कुठं लागत नाही. क्लबहाऊस, लीगल चार्जेस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, हे सगळं मी धरलेलंच नाही. तुम्हीही धरू नका, झोप लागणार नाही.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पंचावन्न हजारांच्या वर जातो. दोनशेचाळीस हप्ते. फेड एक कोटी तेहतीस लाखांची, म्हणजे व्याजच एकोणसत्तर लाख. थोडक्यात, तुम्ही एक घर स्वतःसाठी घेताय आणि जवळजवळ एक बँकेसाठी. तुमच्या घराला दारं तरी मिळतील.

पाण्याचं विचारायचं तर बांधकाम परवानगीच्या वेळचं हमीपत्र आठवा: पालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय बिल्डर करेल. हमीपत्र फाइलमध्ये असतं आणि पाणी टँकरमध्ये. सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिलही तुमच्या ताब्यात येतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सकाळी सहाला टँकरचा हॉर्न वाजला की अलार्म लावावा लागत नाही, आणि मुलांना थेंबाचं महत्त्व शिकवायला वेगळी शिकवणी नको.

ताबा उशिरा मिळाला तर? मिळेलच उशिरा. त्यात आयकर खात्याची एक गंमत लक्षात ठेवा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. कर्जावरचं पहिल्या वर्षाचं व्याजच साडेपाच लाखांच्या आसपास, पण ते असो. खरी गंमत पुढे आहे: कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर ही वजावट तीस हजारांवर येते. उशीर बिल्डरनं केला, शिक्षा तुम्हाला. तेव्हा घराचं भाडं आणि घराचा हप्ता असे दोन्ही भरत असताना बिल्डरला अधूनमधून फोन करा, पण चढ्या आवाजात नको. तोही बिचारा वाट पाहतोय, परवानगीची, पावसाळा संपायची, दिवाळीची.

भाड्यानंच राहावं, असंही काही लोक सांगतील. ऐकू नका. भाड्याच्या घरात पलंग सव्वासहा फुटांचा असतो, दारं असतात, नळाला निदान एक वेळ पाणी असतं, आणि घरमालक दर अकरा महिन्यांनी तुमच्याकडे बघून सुस्कारा सोडतो. लग्नाच्या बाजारात स्थळाला हे चालत नाही. स्वतःचा फ्लॅट आहे, एवढं बायोडेटात हवं. तो अजून खड्ड्यात आहे, हे बायोडेटात लिहायची पद्धत नाही.

आम्ही घेतला. त्या दिवशी ऑफर संपत होती, त्यामुळे इलाज नव्हता. टोकनचा चेक फाडताना बाबा टेप गुंडाळत बाहेर वॉचमनशी बोलत बसले होते.

"खराडीला किती वेळ लागतो?"

"कधी निघणार, त्यावर आहे काका."

"आत दहा मिनिटं म्हणाले."

वॉचमन काही बोलला नाही. गेट उघडलं आणि म्हणाला, "रविवार आहे, निघा लवकर."

त्याला दोन वर्षं झाली. आमची इमारत चौथ्या मजल्यापर्यंत आली आहे, आमचा फ्लॅट नवव्यावर आहे. आज ऑफरचा शेवटचा दिवस, असा मेसेज अजून दर रविवारी येतो. परवाच्या मेसेजात खराडी आठ मिनिटांवर आली होती.