‘आम्ही असले जुगाड करत नाही, मॅडम’

आज सकाळी मी माझी स्कूटर सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेले होते. गेल्या आठवड्यात कर्वे रस्त्यावरच्या एका खड्ड्यात ती जोरात आदळली आणि तेव्हापासून हेडलाइटखालचे पॅनेल सारखे खडखडत होते. तिथल्या मुलाने वाकून पाहिले, आतला बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा कान तुटल्याचे सांगितले आणि लगेच संगणकावर बघून हिशेबही ऐकवला. पूर्ण पॅनेल बदलावे लागेल, २,८०० रुपये होतील आणि माल यायला दहा-बारा दिवस लागतील. तेवढा कान जोडून मिळणार नाही का, असे मी विचारले. त्यावर तो शेजारच्या मुलाकडे पाहून हसला आणि म्हणाला, “आम्ही असले जुगाड करत नाही, मॅडम.”

पैशांपेक्षा मला ते हसणे लागले. दिवस संपत आला तरी डोक्यातली तिडीक उतरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

१९८७ च्या जुलैमधली गोष्ट आहे. मी अकरा वर्षांची होते. आजी न्हाणीघरात पडल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर वाईहून आला आणि तासाभरात बाबा मला मागे बसवून चेतकवरून निघाले. कात्रजचा घाट झाला, शिरवळ मागे पडले, आणि खंबाटकी घाट सुरू होण्याआधी, साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळ, बाबांनी क्लच दाबला तो लिव्हर हातातच लुळा पडला. वायर वरच्या टोकाला, निपलपाशीच तुटली होती. ज्यांनी त्या स्कूटर चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, की क्लच वायरच्या टोकाला धातूचा वाटाण्याएवढा तुकडा असतो आणि तो लिव्हरच्या खाचेत अडकतो म्हणून वायर ओढली जाते. तो तुटून पडला की अख्खी वायर शाबूत असूनही उपयोगाची राहत नाही. डिकीत नेहमी एक जादा वायर असायची, पण ती चारच दिवसांपूर्वी बाबांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याला दिली होती.

सपाटीवर क्लचशिवायही गाडी रेटता येते. पण तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहने घाटातूनच चालत, आणि चढावर पुढचा ट्रक थांबला की क्लचशिवाय थांबून पुन्हा निघणे अशक्य होते. पाऊस कोसळत होता. आम्ही गाडी ढकलत एका चहाच्या टपरीखाली आणली. बाबा काही न बोलता इकडेतिकडे बघत राहिले आणि त्यांची नजर वाशावरून गेलेल्या ट्यूबलाइटच्या वायरवर स्थिरावली. ती चिनी मातीच्या कनेक्टरने जोडलेली होती. बाबांनी विचारले, “मालक, तेवढा कनेक्टर देता का?” टपरीवाले काका म्हणाले, “न्या की, पाव्हणं. लाइट हाय कुठं आत्ता?”

त्या कनेक्टरच्या पोटात पितळेची नळी असते आणि तिला दोन बारीक स्क्रू असतात. बाबांनी ती नळी बाहेर काढली, क्लच वायरचे विसकटलेले टोक बोटांनी पिळून तिच्यातून ओवले, खालच्या अ‍ॅडजस्टरमधून वायरला थोडी ढील काढली आणि टेस्टरने दोन्ही स्क्रू कचकचून आवळले. मी दोन्ही हातांनी त्यांच्यावर छत्री धरून उभी होते. नळी लिव्हरच्या खाचेत बसली तेव्हा त्यांनी लिव्हर तीनदा दाबून पाहिला आणि मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दिवेलागणीला आम्ही आजीच्या उशाशी होतो.

याला तुम्ही हसणार? वायर कुठून कुठे जाते, ती कुठे झिजते, तिच्यावर किती ताण येतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ट्यूबलाइटच्या कनेक्टरमध्ये क्लचचे निपल दिसते. बाबा मराठी शिकवत. त्यांनी यंत्राचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते, पण आपली गाडी त्यांना ठाऊक होती. आपल्या लोकांनी रस्त्यावर शोधलेले सगळे उपाय असेच समजुतीतून आलेले आहेत. पेट्रोलची टाकी गळू लागली की भेगेवर अंगाचा साबण घासतात, कारण साबण पाण्यात विरघळतो पण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. रेडिएटरला बारीक छिद्र पडले तर हळद टाकतात, ती पाण्याबरोबर फिरता फिरता छिद्रात जाऊन बसते. उन्हाळ्यात फियाट घाटात बंद पडली की बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके टाकत, कारण उष्णतेने आतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा आणि पंप निवला की गाडी सुरू व्हायची. फाटलेल्या टायरला आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, लावून माणसे घरी पोचलेली आहेत. हे सगळे मुक्कामाला पोचण्यापुरते असते आणि करणाऱ्याला ते पक्के माहीत असते. बाबांनीही दुसऱ्याच दिवशी वाईत नवी वायर टाकली.

ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत कोणी असे काही करू नये, हे मान्य. आजच्या गाड्यांमधले सेन्सर टेस्टरने दुरुस्त होत नाहीत, हेही मान्य.

पण माझ्या पॅनेलच्या तुटलेल्या कानात कोणता सेन्सर होता? तो मुलगा वाईट नाही. त्याला स्क्रू सोडवून भाग बदलायला शिकवले आहे आणि जोडण्याला हसायलाही शिकवले आहे, याचा मला खरा संताप आहे. आणि हे कुठे, तर पुण्यात! चेतक आकुर्डीत तयार झाली, लूना याच शहरातल्या कायनेटिकने काढली. एसटीच्या गाड्यांची हाडे दापोडीच्या कार्यशाळेत सांधली गेली. इथली माणसे बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात उकिडवी बसून एकेक नट पारखत आणि नाना पेठेत खिशातला तुटका भाग काउंटरवर ठेवून ‘याच्या जागी काय चालेल?’ असे विचारत. त्या प्रश्नाला दुकानदार हसत नसे, तो विचार करून उत्तर देत असे. चेतक आणि लूना या दोन्ही १९७२ च्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपोलो १७ च्या अंतराळवीरांच्या चांद्रगाडीचा मडगार्ड हातोडा अडकून तुटला होता. चाकाने उडणारी धूळ अंगावर येऊ लागली, तेव्हा त्यांनी चार नकाशे चिकटपट्टीने एकमेकांना जोडले, ते चिमट्यांनी मडगार्डच्या जागी अडकवले आणि गाडी पुढे चालवली. त्यांना कोणी जुगाडू म्हणून हिणवले नाही. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, ते चांगलेच झाले. पण दुरुस्ती करणाऱ्या हाताला मान नसेल तर हक्क बजावायला जायचे कोणाकडे?

दुपारी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मेस्त्रींनी पॅनेल काढून मांडीवर घेतले, कानाचा तुटका तुकडा आतच अडकलेला होता तो चिमट्याने काढला आणि जागेवर बसवून पाहिला. मग सोल्डरिंग आयर्न तापवून स्टेपलरच्या दोन पिना भेगेवर आडव्या ठेवल्या आणि हळूहळू दाबत प्लास्टिकमध्ये पुरल्या, जसे काँक्रीटमध्ये गज पुरतात. वरून प्लास्टिक वितळवून सारखे केले. जळक्या प्लास्टिकचा वास आला, थोडा धूर झाला, एवढेच. वीस मिनिटे लागली आणि त्यांनी ऐंशी रुपये घेतले. मी १०० रुपयांची नोट ठेवू लागले तर त्यांनी वीस रुपये मोजून परत दिले. त्यांच्या मान खाली घालून काम करण्यात मला टपरीखाली वाकलेले बाबा दिसत होते आणि सकाळपासूनचा राग तेव्हा कुठे थोडा निवळला.

एक सांगायचे राहिले. वाईहून परतताना बाबांनी बाजारातून नवा कनेक्टर घेतला आणि त्या टपरीपाशी गाडी थांबवली. काकांनी ट्यूबलाइटच्या वायरी पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि दिवा व्यवस्थित लागत होता. ते कनेक्टर घेईनात. बाबांनी स्वतःच फळीवर चढून चिकटपट्टी सोडवली, कनेक्टर बसवला आणि मगच चहा घेतला. पितळेची जुनी नळी आमच्याकडे राहिली. बाबांच्या माघारी त्यांच्या टेस्टरबरोबर ती माझ्याकडे आली आणि आता मी हे लिहीत असताना टेबलावर आहे. तिच्यावर दोन्ही स्क्रूंच्या बाजूंना वायरच्या पिळाचे ओरखडे अजून दिसतात.

मेस्त्रींनी पंधरा दिवसांनी गाडी दाखवायला बोलावले आहे. खड्ड्यांतून फिरून पॅनेलचे स्क्रू सैल होतील, ते एकदा आवळून घ्यायला हवेत, असे म्हणाले. रविवारी सकाळी जाईन.